हा कागद कोणत्या निर्णयासाठी?

पुण्यात कौन्सिल हॉलजवळच्या दगडी इमारतीत पेशवे दफ्तराचे रुमाल रचून ठेवलेले आहेत. मोडी कागदांचे हे कापडी गठ्ठे आज इतिहास संशोधकांच्या कामाचे आहेत. पण ज्या कारकुनांनी ते लिहिले, त्यांच्यासाठी त्यांत चालू वर्षाचा कारभार होता. कोणत्या परगण्यातून किती वसूल यायचा, किती आला, सरंजामाकडे किती वळता झाला, पागेवर किती खर्च पडला आणि हाती काय उरले. नाना फडणवीसांच्या काळात पुण्याच्या हुजूर दफ्तरात दोनशेच्या आसपास कारकून याच कामाला जुंपलेले होते.

रोजचा व्यवहार रोजकीर्दीत चढे. तिथून तो खात्याखात्यांनी खतावणीत जाई. सगळ्या विभागांचे हिशेब शेवटी ‘एक बेरीज दफ्तरा’त येत आणि तिथे वर्षाची जमा, खर्च व शिल्लक यांचे तर्जुमे तयार होत. आज कंपन्यांमध्ये ज्याला ‘एमआयएस’ म्हणतात, तो याच जातीचा कागद: हजारो नोंदींचे सार, निर्णय घेणाऱ्याच्या हाती देण्यासाठी काढलेले.

या व्यवस्थेतल्या दोन गोष्टी आजच्या कोणत्याही उद्योजकाने समजून घ्याव्यात अशा आहेत. पहिली म्हणजे अजमास. वसुली सुरू होण्याआधीच त्या प्रांताच्या जमाखर्चाचा अंदाज पुण्याहून मामलेदाराकडे जाई. त्यामुळे प्रत्यक्ष आकडा आला की तो कशाशी ताडून पाहायचा, हे आधीच ठरलेले असे. दुसरी गोष्ट दरखदारांची. मजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस असे वंशपरंपरागत अधिकारी प्रत्येक मोठ्या प्रांतात मामलेदाराच्या शेजारी बसत. ते त्याच्या हाताखाली काम करत, पण त्यांना काढून टाकण्याचा अधिकार त्याला नसे. हिशेबावर त्यांची निशाणी लागे आणि एखादी रक्कम नोंदीतून सुटली तर ती वर कळवण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच असे. ज्याचे काम मोजायचे, त्याच्याच एकट्याच्या हाती मोजमाप द्यायचे नाही, हे तत्त्व पेशवाईने कागदावर आणि माणसांच्या नेमणुकीतही बसवले होते.

मग दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलतीच मक्त्याने दिल्या जाऊ लागल्या. जो जास्त रकमेची बोली लावील, त्याच्याकडे प्रांत. त्याने रयतेकडून किती आणि कसे वसूल केले, हे पाहण्याची पुण्याला गरजच उरली नाही. दफ्तराची आबाळ झाली, कारकून कमी झाले, कागदही लोकांनी वाटेल तसे नेले. कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांनी १८१८ नंतर ते ताब्यात घेतले तेव्हा त्यांना मोठा गोंधळ सापडला. दफ्तर मोडल्यामुळे कारभार बिघडला असे आपण सहज म्हणतो. मला क्रम उलटा वाटतो. कागद वाचून करायचा विचारच कोणी करेनासे झाले आणि मग कागद कोणाला नकोसे झाले.

आजच्या कारखान्यात मक्ता नसतो, पण हाच प्रकार वेगळ्या रूपात दिसतो. भोसरी, चाकण, रांजणगाव, कुठेही जा. टॅली आहे, ईआरपी आहे, एक्सेलच्या फायली आहेत, सकाळी व्हॉट्सअॅपवर कालचे उत्पादन येते. कागदांचा तुटवडा कुठेच नाही. पण मालकाला विचारा की गेल्या तिमाहीत यातल्या कोणत्या तक्त्यामुळे तुम्ही एखादी गोष्ट वेगळी केलीत, तर बऱ्याच वेळा उत्तराआधी शांतता पसरते. या प्रकरणात मला जे सांगायचे आहे, ते एवढेच: अहवालाची सुरुवात आकड्यापासून करू नये, निर्णयापासून करावी. कोणता प्रश्न कोणाला, कधीपर्यंत सोडवायचा आहे, हे आधी लिहावे आणि मग त्यासाठी कोणता आकडा लागेल हे शोधावे.

आकुर्डीच्या बजाज ऑटोची कथा यासाठी फार उपयोगी आहे. परवाना पद्धतीच्या काळात किती स्कूटर बनवायच्या हे सरकार ठरवी आणि स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे थांबत. ही प्रतीक्षा काही वेळा दहा वर्षांपर्यंत जाई. अशा वेळी कंपनीपुढचा प्रश्न ‘कोण घेईल?’ हा नसतो, ‘जास्तीत जास्त किती बनवता येतील?’ हा असतो. म्हणून उत्पादनाचा आकडा हाच सर्वांत महत्त्वाचा. प्रतीक्षायादी हे मागणीचे मोजमाप वाटते, पण त्या यादीतून ग्राहक काय पाहून गाडी निवडतो, याबद्दल काहीच कळत नाही, कारण निवडायला त्याच्यापुढे फारसे काही नसतेच. १९९१ नंतर बाजार खुला होत गेला आणि १९९० चे दशक संपता संपता मोटारसायकलींनी स्कूटरना मागे टाकले. आता जुना, उत्पादन मोजणारा तक्ता बरोबर असूनही अपुरा पडणार होता. बजाजने २००१ मध्ये पल्सर ही मोटारसायकल आणली ती या नव्या प्रश्नाचे उत्तर म्हणून.

पुढचा टप्पा अधिक विचार करायला लावणारा आहे. डिसेंबर २००९ मध्ये कंपनीने स्कूटर पूर्णपणे थांबवून मोटारसायकलींवर लक्ष केंद्रित करण्याचे जाहीर केले. हा निर्णय कंपनीची सूत्रे सांभाळणाऱ्या राजीव बजाज यांचा. त्यांचे वडील राहुल बजाज यांनी आपल्याला त्याचे वाईट वाटल्याचे उघडपणे सांगितले होते. गिअरच्या स्कूटरची विक्री उतरणीला लागली होती, हे खरेच होते. पण त्याच काळात, २००१ मध्ये आलेल्या होंडाच्या अॅक्टिव्हामुळे बिनगिअरच्या स्कूटरचा बाजार वाढत होता. ‘स्कूटर’ नावाच्या एकाच ओळीत दोन वेगळे बाजार होते: एक आटत होता, दुसरा फुगत होता. बजाजने मोटारसायकलींवर भर देऊन निर्यातीत मोठे यश मिळवले, म्हणून त्या निर्णयाला सरळ चूक म्हणणे मला पटत नाही. कंपनी कशासाठी ओळखली जावी, हे आकड्यांवरून ठरत नाही, ते कोणीतरी ठरवावे लागते. शिकण्याजोगी गोष्ट आहे ती ओळींबद्दलची. अहवालात कोणत्या गोष्टी एका ओळीत बांधायच्या आणि कोणत्या वेगळ्या करायच्या, हे ठरवतानाच अर्धा निर्णय होऊन गेलेला असतो, आणि तो बहुतेक वेळा तक्ता बनवणाऱ्या मुलाने नकळत घेतलेला असतो. जानेवारी २०२० मध्ये बजाजच्या जुन्या स्कूटरचे चेतक हे नाव बॅटरीवर चालणाऱ्या स्कूटरवर परत आले, ते पुणे आणि बंगळुरूपासून.

वाहन उद्योगातला आणखी एक आकडा असाच फसवतो. दर महिन्याच्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत जी ‘विक्री’ छापून येते, ती बहुतेक कंपन्यांच्या बाबतीत डीलरकडे पाठवलेल्या गाड्यांची असते. ग्राहकाच्या नावावर किती गाड्या नोंदल्या गेल्या, तो आकडा आरटीओच्या नोंदणीतून, म्हणजे ‘वाहन’ पोर्टलवरून मिळतो. दोन्हींतले अंतर डीलरच्या गोदामात उभे असते. चाकणच्या एखाद्या छोट्या सुटे भाग पुरवठादाराने फक्त पहिला आकडा पाहून नवे मशीन घेण्यासाठी कर्ज काढले, तर दोन महिन्यांनी ऑर्डर अचानक का आटल्या, हे त्याला कळणारच नाही. नोंदणीचा आकडा सर्वांसाठी खुला आहे, फुकट आहे. तो पाहण्याची सवय पुण्याच्या लघुउद्योगात फार थोड्यांना आहे याची मला खंत वाटते.

आता पिंपरीच्या टेल्कोकडे, म्हणजे पुढच्या टाटा मोटर्सकडे, वळू. २०००-०१ या वर्षी कंपनीने सुमारे ५०० कोटी रुपयांचा तोटा दाखवला. मालवाहू गाड्यांची मागणी कोसळली होती आणि इंडिकासाठी १७०० कोटींच्या घरात भांडवल गुंतले होते. इतका तोटा या कंपनीने कधी पाहिला नव्हता. दोन वर्षांनी, २००२-०३ मध्ये, तिने ३०० कोटींच्या आसपास नफा दाखवला. खर्च कमी करणे, सुट्या भागांच्या किमतींची तुलना, इंटरनेटवरून बोली लावून खरेदी, हे सगळे त्यात होते. पण माझ्या दृष्टीने त्या काळातले सर्वांत मोलाचे काम खर्चाच्या तक्त्यांबाहेर झाले.

मालवाहू गाड्यांच्या विभागाची सूत्रे रवी कांत यांच्याकडे होती. ट्रकचा धंदा अर्थव्यवस्थेबरोबर वरखाली होतो. मंदी आली की ट्रक आधी थांबतो. मग या चढउतारांपासून थोडे सुटे असेल असे कोणते वाहन आपण बनवू शकतो, हा प्रश्न होता. तो गिरीश वाघ या तरुण अभियंत्याकडे सोपवण्यात आला. कंपनीकडे आपल्या ट्रकच्या विक्रीचे वर्षानुवर्षांचे आकडे होते, पण त्यांत याचे उत्तर असणे शक्यच नव्हते. जो माणूस आपले गिऱ्हाईकच नाही, तो आपल्या अहवालात कुठून येणार? मालवाहू तीनचाकी चालवणारा, भाजी, सिलिंडर, दुधाचे कॅन, फर्निचर वाहणारा माणूस टेल्कोच्या एकाही तक्त्यात नव्हता.

म्हणून वाघ आणि त्यांचे सहकारी त्या माणसांकडे गेले. ‘तुम्हाला छोटा ट्रक हवा आहे का?’ हा प्रश्न विचारून फारसे हाती लागत नाही. समोरचा भलेपणाने हो म्हणून टाकतो. विचारायचे ते असे: माल कोणता, वजन किती, फेरी किती किलोमीटरची, रस्ता कसा, डिझेलला काय जाते, हप्ता किती बसतो, दिवसाअखेर हातात काय राहते. या उत्तरांतून दिसले की वाहनाची किंमत थोडी जास्त असली तरी चालेल, पण किलोमीटरमागे खर्च वाढता कामा नये. कागदावरच्या क्षमतेपेक्षा जास्त माल लादला जाणारच, तेव्हा चेसिसने तो सोसला पाहिजे. आणि हमरस्त्यावरही गाडी नेता आली पाहिजे. आणखी एक गोष्ट समोर आली, जी कोणत्याही प्रश्नावलीत बसली नसती. चारचाकीचा मालक म्हटले की गावात मान मिळतो, लग्नाच्या बाजारात पत वाढते, असे एका चालकाने सांगितले. चौथ्या चाकाला तांत्रिक कारण होतेच. त्याला हे सामाजिक कारण येऊन मिळाले.

त्याच सुमारास सुवर्ण चतुष्कोनाचे रस्ते होत होते. मोठे ट्रक अधिक मोठे होणार आणि शहरांच्या वेशीवर थांबणार, तिथून गल्लीपर्यंत माल न्यायला काहीतरी छोटे लागणार, हा दुसरा धागा. इंडिकाच्या चार सिलिंडरच्या इंजिनावरून दोन सिलिंडरचे ७०२ सीसी डिझेल इंजिन बेतले गेले. मे २००५ मध्ये टाटा एस बाजारात आली, सव्वादोन लाखांच्या आसपास किमतीला. लोकांनी तिला ‘छोटा हाथी’ नाव दिले. सुरुवातीची पुण्यातली क्षमता अपुरी पडली आणि २००७ मध्ये उत्तराखंडात पंतनगरला स्वतंत्र कारखाना सुरू झाला.

या कथेवरून ‘आकडे सोडा आणि बाजारात जा’ असा अर्थ काढणारे पुष्कळ भेटतात. तो मला मान्य नाही. चालकांशी झालेल्या बोलण्यातून शेवटी आकडेच बाहेर आले: वजन, अंतर, हप्ता, किलोमीटरमागे खर्च. फरक इतकाच की ते आकडे एका निश्चित प्रश्नासाठी, योग्य माणसाकडून गोळा केलेले होते.

मोठ्या कंपन्यांकडे संशोधनाला माणसे असतात. पंधरा-वीस कामगारांच्या वर्कशॉपला ती चैन नाही, म्हणून तिथे हाताशी असलेलेच आकडे नीट वाचणे जास्त गरजेचे. एक हिशेब करून पाहू. समजा एका वर्कशॉपमध्ये ‘अ’ नावाचा भाग १०० रुपयांना विकला जातो. कच्चा माल ६० रुपये, टूल, वीज वगैरे थेट खर्च २० रुपये. उरले २०. जागेचे भाडे, पगार, बँकेचे व्याज हा स्थिर खर्च सगळ्या भागांवर वाटला तर ‘अ’च्या वाट्याला २८ रुपये येतात. अहवाल सांगतो: नगामागे ८ रुपये तोटा. महिन्याला १०,००० नग, म्हणजे ८०,००० रुपयांची गळती. मालक म्हणतो, बंद करा.

बंद केल्यावर काय होईल? भाडे, पगार, व्याज यांतला एकही रुपया लगेच कमी होणार नाही. ‘अ’ जे २० रुपये स्थिर खर्चाला हातभार म्हणून आणत होता, ते मात्र जातील. महिन्याचा तोटा २,००,००० रुपयांनी वाढेल. आणि तो खर्च बाकीच्या भागांवर वाटला की पुढच्या महिन्यात आणखी एक भाग ‘तोट्यात’ दिसू लागेल.

एवढ्यावर थांबू नये. ‘अ’साठी मशीनची ३ मिनिटे लागतात, म्हणजे तासाला २० नग आणि ४०० रुपये. ‘ब’ नावाचा भाग नगामागे ४५ रुपये देतो, सगळ्यांचा लाडका आहे. पण त्याला ९ मिनिटे लागतात, म्हणजे तासाला ३०० रुपये. मशीनचे तास कमी पडत असतील तर ज्या भागाला आपण हाकलायला निघालो होतो, तोच जास्त कमावून देतो. आकडे तेच आहेत, नवीन काही गोळा केलेले नाही. प्रश्न ‘कोणता भाग फायद्यात?’ याऐवजी ‘अडलेल्या मशीनचा तास कुठे खर्च करू?’ असा विचारला, एवढेच. मशीन रिकामे असेल तर उत्तर पुन्हा वेगळे येईल.

सरासरीबद्दलही असेच सावध राहावे. ६० लाखांची उधारी सरासरी ४५ दिवसांची आहे, हे वाचून समाधान वाटते. पण त्यातले ४८ लाख सरासरी २० दिवसांचे आणि १२ लाख १४५ दिवसांचे असतील, तरी सरासरी ४५ च येते. ते १२ लाख एकाच गिऱ्हाइकाकडे अडकले असतील तर पुढच्या महिन्याच्या पगाराचा प्रश्न उभा राहतो. उधारीचा तक्ता नेहमी वयानुसार मांडावा: ३० दिवसांपर्यंत, ४५, ९०, त्यापुढे. यात ४५ या आकड्याला कायद्याचे वजन आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला त्या खर्चाची आयकरातली वजावट प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी मिळते. मार्च महिन्यात फोन करताना हा तक्ता समोर असला की बोलण्याला जोर येतो.

सरासरी सार्वजनिक सेवेतही कशी गोंधळात टाकते, हे पुणेकरांना रोज दिसते. पीएमटी आणि पीसीएमटी या दोन शहर बससेवा एकत्र होऊन २००७ मध्ये पीएमपीएमएल झाली. तिची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ६०:४० अशी वाटून घेतात. एखाद्या मार्गाचे किलोमीटरमागे उत्पन्न खर्चापेक्षा बरेच कमी दिसले की तो बंद करावा, अशी सूचना येते. पण दिवसाची सरासरी काढली की सकाळी आठची खचाखच भरलेली फेरी आणि दुपारी दोनची रिकामी फेरी एकमेकींत मिसळून जातात. छोट्या मार्गावरून स्वारगेटला उतरून दुसरी बस धरणारा प्रवासी पुढच्या मार्गाचे उत्पन्न वाढवतो, ते छोट्या मार्गाच्या खात्यावर येत नाही. तिकीट मशीनमध्ये तासावार नोंद असतेच. मार्ग चालू ठेवायचा की बंद, याऐवजी कोणत्या वेळच्या फेऱ्या ठेवायच्या, असा प्रश्न विचारला तर ती नोंद कामी येईल.

आता एक अशी गोष्ट, जिच्यामुळे आढावा बैठकांतला निम्मा वेळ वाचू शकतो. १६ मे १९२४ रोजी अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत वॉल्टर शूहार्ट यांनी आपल्या वरिष्ठाला एका पानाचे टिपण दिले. त्यात एक साधी आकृती होती: मधे सरासरीची रेघ, वर-खाली मर्यादेच्या रेघा. कोणतीही प्रक्रिया आपल्या स्वभावानुसार थोडी वरखाली होतच राहते. त्या मर्यादेतल्या हालचालीला कारण शोधत बसू नये, मर्यादा ओलांडली तर मात्र नक्की शोधावे. संख्याशास्त्रज्ञ पी. सी. महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतातही येऊन गेले आणि इथल्या कारखान्यांत संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रणाची पायाभरणी झाली.

आपल्याकडच्या बैठकीत काय होते? रिजेक्शन २.१ टक्क्यांवरून २.४ झाले की सुपरवायझरला उभे केले जाते. तो बिचारा काहीतरी कारण सांगतो. पुढच्या महिन्यात आकडा २.० होतो आणि झापल्यामुळे सुधारणा झाली अशी साहेबांची खात्री पटते. गेल्या वर्षभराचे आकडे १.७ ते २.६ या पट्ट्यात सहज फिरत आले असतील, तर यातले काहीच घडलेले नसते. कारणे सांगायला लावलेली माणसे हळूहळू कारणे तयार ठेवायला शिकतात, आणि नंतर आकडेही. पेशव्यांच्या दरखदारांसारखी स्वतंत्र नोंद ठेवणारी माणसे छोट्या कारखान्यात परवडत नाहीत, हे मान्य. पण रिजेक्शनची नोंद ज्याच्या पगारावर त्याचा परिणाम होतो त्यानेच लिहायची, ही व्यवस्था तरी बदलता येते. आणि खरा आकडा आणणाऱ्याला त्या दिवशी बोलणी बसणार नाहीत, याची काळजी मालकाला स्वतः घ्यावी लागते.

वेळेचेही भान हवे. महिन्याच्या २० तारखेला आलेला पैशापर्यंत जुळवलेला अहवाल सनदी लेखापालाच्या उपयोगाचा असतो. धंदा चालवणाऱ्याला २ तारखेला मिळालेला अंदाजी आकडा हवा, कारण १० तारखेला कच्च्या मालाची ऑर्डर जायची असते. हे दोन वेगळे कागद आहेत, आणि एकाकडून दुसऱ्याचे काम करून घेऊ नये.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांना मी नवे सॉफ्टवेअर घ्यायला सांगत नाही. सध्या येणारे सगळे अहवाल टेबलावर मांडावेत आणि प्रत्येकाच्या माथ्यावर हाताने लिहावे: कोणता निर्णय, कोणाचा, कोणत्या तारखेला. ज्यावर काहीच लिहिता येत नाही तो पुढच्या महिन्यापासून थांबवावा आणि कोणी मागतो का ते पाहावे. मग एक साधी वही घालावी. मोठा निर्णय घेतला की त्यात तारीख, त्या दिवशी समोर असलेला आकडा आणि त्यातून काय होईल अशी अपेक्षा आहे, हे लिहावे. नवे सीएनसी मशीन घेतले. रोज १४ तास चालेल असे धरले. सहा महिन्यांनी ९ तास चालते. हा फरक वहीत असेल तर पुढचे मशीन घेताना १४ लिहिणारा हात थोडा थांबतो. बैठकीची सुरुवातही नव्या आकड्यांनी न करता या वहीच्या मागच्या पानापासून करावी. मागच्या वेळी काय ठरले होते, कोणी करायचे होते, झाले का. त्यानंतर त्या महिन्याचा तक्ता उघडावा.